पांढरींतील रांजण

नाथांच्या घरीं श्रीखंड्यानें कावडीनें पाणी वाहून रांजण भरला, ही कथा ठाऊक नाहीं असा मराठी माणूस विरळा. पैठणास तो रांजण भाविकांना आजहि दाखवितात. निघोजजवळ कुकडीच्या पात्रांत पाण्याच्या भोवऱ्यांनीं खडक कोरून जे खोल खड्डे पाडले आहेत, त्यांना लोकांनीं ‘रांजणखळगे’ हेंच नांव दिलें. आमच्या नैयायिकांना दृष्टांत हवा झाला कीं, घटाखेरीज दुसरी वस्तु त्यांना सहसा सुचत नसे. आश्विनांत आपण घटच बसवितों. इतक्या निकट परिचयाची ही वस्तु. पण दोन हजार वर्षांपूर्वींचा एकादा रांजण शेतांत किंवा घराच्या पायांत लागला, म्हणजे आपण त्याच्याशीं कसे वागतों? बहुधा आपण तो फोडतों. आंत कांहीं नाहीं असें दिसलें म्हणजे खापरें बांधावर फेकून देतों. आणि त्याबरोबर काय फेकलें गेलें, हें आपल्या ध्यानींहि येत नाहीं. तें काय असतें, याचा विचार करण्यासाठीं हा लेख आम्ही लिहीत आहों.

जुन्या मराठी व्यवहारांत गांवच्या जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग मानीत. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. हें नुसतें नांव नव्हे. मातीच्या भिंती ढासळतात, त्यांवर नव्या उठतात; चुलींची राख, शेणाचे सारवण, गोठ्यांतला केर आणि फुटकीं भांडीं पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागीं सांचत जातात आणि जमिनीचा रंग पालटतो. वर्धा जिल्ह्यांतील काळ्याभोर रानांतून जातां-जातां नदीकांठीं एकादें फिकट रंगाचें टेंगूळ दृष्टीस पडलें, तर तेथें कधीं काळीं गांव होतें असें समजावें. ओसाड पडलेल्या अशा पांढरीची माती लोक घरें बांधण्यास, सारवण्यास आणि शेतांत टाकण्यास नेतात. पूर्वीं ती टोपलीनें व गाडीनें जात असे. आतां यंत्राच्या एका सोंडेनें शंभर वर्षांचा थर एका दुपारीं उचलला जातो. रांजण सांपडतात ते अशा वेळीं.

रांजण सांपडला म्हणजे पहिला विचार मनांत येतो तो धनाचा. या आशेला अगदींच आधार नाहीं असें नव्हे. विदर्भांत आजच्या वाशीम जिल्ह्यांतील तऱ्हाळें येथें १९३९ सालीं सातवाहन राजांच्या सुमारें सोळाशें नाण्यांचा ठेवा सांपडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं त्यांचें वाचन केलें तेव्हां पुराणांच्या याद्यांत नसलेलीं राजांचीं नांवें इतिहासाला कळलीं. परंतु असा ठेवा क्वचित् कोठें एकादा. बाकीच्या असंख्य रांजणांत धान्य होतें, पाणी होतें, तेल होतें, क्वचित् एकाद्या मेलेल्या मुलाच्या अस्थि होत्या. आणि आज पाहिलें तर त्यांत बहुधा मातीच असते. ही माती म्हणजेच त्या रांजणांतील खरें धन, असें आम्हीं म्हटलें तर तें वाचकांस चमत्कारिक वाटेल. तें खरें कसें, हें पुढें सांगूं.

वर्धा जिल्ह्याच्या इतिहासांत पवनाराचें नांव मोठें आहे. वर्ध्याहून नागपूरच्या वाटेवर, धाम नदीच्या कांठीं हें गांव वसलें आहे. विनोबाजींचा परंधाम आश्रम येथेंच. त्या परिसरांत खणतांना ज्या प्राचीन मूर्ति व शिल्पपट्ट निघाले, त्यांपैकीं एका पट्टांत भरतभेटीचा प्रसंग आहे असें मानण्यांत येतें. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपुर ती हेंच पवनार, असें मत मिराशी यांनीं मांडलें आणि या शिल्पांचा त्यास आधार दिला. पुढें १९९८ नंतर नागपूर जिल्ह्यांतील मनसर येथें उत्खनन होऊन वाकाटक काळाचे भव्य अवशेष उघडे झाले, तेव्हां प्रवरपुर तें मनसरच होय, असें दुसरें मत पुढें आलें. शिल्पांतील प्रसंग रामकथेंतले कीं कृष्णकथेंतले, यावरहि पंडितांत मतभेद आहे. हा वाद निकालांत काढण्याचा आमचा अधिकार नाहीं. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, राजधानीचें नांव काय होतें याविषयीं मत बदललें तरी पवनारच्या पांढरींत जें निघालें तें बदलत नाहीं.

नागपूर विद्यापीठाच्या वतीनें डॉ. शां. भा. देव आणि डॉ. म. के. ढवळीकर यांनीं १९६७ सालीं पवनारास उत्खनन केलें आणि दुसऱ्याच वर्षीं, १९६८ सालीं, त्याचा वृत्तांत छापून प्रसिद्ध झाला. खणलेलें सारें इतक्या लवकर लोकांपुढें ठेवण्याचें उदाहरण आपल्याकडे दुर्मिळ आहे. वर्धा नदीच्या पलीकडे, अमरावती जिल्ह्यांत, रुक्मिणीचें माहेर म्हणून प्रसिद्ध असलेल्या कौंडिण्यपुरासहि त्याच दशकांत डॉ. मो. गं. दीक्षित यांनीं उत्खनन केलें. अशा वृत्तांतांचीं पानें कोणी उत्सुकतेनें उघडावीं, तर राजांच्या कथांच्या जागीं खापरांच्या आकृति दिसतात. पानांमागून पानें कांठ, गळे आणि बुडें. सामान्य वाचक कंटाळून पुस्तक मिटतो. वास्तविक वृत्तांताचा कणा याच पानांत असतो.

कारण असें कीं, ताम्रपट आणि शिलालेख राजाच्या बाजूनें बोलतात. प्रवरसेनाच्या ताम्रपटांवरून कोणतें गांव कोणत्या ब्राह्मणाला दिलें, त्याच्या चतुःसीमा कोणत्या, हें कळतें. त्या गांवच्या कुणब्याच्या घरीं चैत्रापर्यंत पुरेल इतकें धान्य होतें किंवा नाहीं, हें कोणत्याहि ताम्रपटांत लिहिलेलें नाहीं. तें कोठें नोंदलेलें असेल तर रांजणाच्या पोटांत. शिवाय माती एकदां भाजली कीं तिला गंज चढत नाहीं, वाळवी लागत नाहीं, आणि खापरांना बाजारांत मोल नसल्यामुळें तीं कोणी वितळवूनहि टाकीत नाहीं. रांजण फुटतो, पण नष्ट होत नाहीं. घाट मात्र पिढ्यांनुसार पालटत जातो. म्हणून कोणत्या थरांत कोणत्या घाटाचें खापर, हें ठरलें म्हणजे अक्षरशत्रु समाजाचाहि कालक्रम लावतां येतो. इजिप्त व पॅलेस्टाइन या देशांत फ्लिंडर्स पेट्री यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही रीति रूढ केली. आपल्या देशांत १९४४ पासून मॉर्टिमर व्हीलर यांच्या देखरेखीखालीं थरवार उत्खननाची शिस्त तरुणांच्या अंगीं बाणली आणि खापरांना तिच्यांत मानाचें स्थान मिळालें.

आतां समजा, पांढरींत एक रांजण लागला. त्याची परीक्षा कशी करावयाची? पहिली गोष्ट, तो उचलावयाचा नाहीं. तो उभा आहे कीं आडवा, तोंड वर आहे कीं खालीं, त्याच्यावर झांकण आहे काय, बूड जमिनींत पुरलेलें आहे कीं दगडांवर टेकलेलें आहे, जवळ चूल, भिंत किंवा दुसरें भांडें आहे काय, हें सर्व जागच्या जागीं पाहावें लागतें. त्याचा थर कोणता, तो खड्डा वरच्या कोणत्या थरांतून खोदला गेला, हें कडेच्या उभ्या छेदांत दिसतें. रांजण ज्या थरांत सांपडला त्याच थराचा तो असेल असें नाहीं; वरच्या पिढीनें पुरलेला रांजण खालच्या पिढीच्या थरांत जाऊन बसतो. मोजपट्टी शेजारीं ठेवून छायाचित्र घेतलें, ठाम खुणेपासून अंतरें मोजलीं, आराखडा काढला, म्हणजे मग हात लावावयाचा. एकदां उचललेला रांजण पुन्हां त्याच जागीं ठेवतां येत नाहीं.

त्यानंतर आंतील माती. ती थोडी-थोडी करून काढावी आणि फेकून न देतां पाण्यांत घोळावी. जळून कोळसा झालेले दाणे पाण्यावर तरंगतात; ते गाळून सुकविले म्हणजे ज्वारी, तांदूळ, लाख कीं मूग हें वनस्पतिशास्त्रज्ञ ओळखूं शकतात, आणि त्याच दाण्यावरून कर्बमापनानें वयहि काढतां येतें. भांड्याची आंतली बाजू घासून धुण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा. न लेपलेल्या मातीच्या सूक्ष्म रंध्रांत तेलातुपाचा अंश मुरतो आणि हजारों वर्षें तसाच राहतो. सिंधुसंस्कृतीच्या भांड्यांतील असे स्निग्धांश अलीकडे प्रयोगशाळेंत वेगळे करून त्यांवरून त्या लोकांच्या आहाराचा शोध घेण्यांत आला आहे. आपण स्वच्छतेच्या उत्साहानें जें धुवून काढतों, तें पुष्कळदां याच प्रश्नाचें उत्तर असतें.

पुढें प्रत्यक्ष भांडें. आपल्या भाषेनें भांड्याला माणसाचेंच शरीर दिलें आहे: तोंड, कांठ, गळा, खांदा, पोट, बूड. परीक्षकहि याच क्रमानें जातो. रांजण अखंड मिळणें हें भाग्य. हातीं येतो तो बहुधा कांठाचा एकादा तुकडा. पण तेवढ्यावरून संपूर्ण तोंडाचा व्यास काढतां येतो, आणि त्याला शाळेंतल्या भूमितीपलीकडे कांहीं लागत नाहीं. समजा, तुकड्याच्या दोन टोंकांमधलें सरळ अंतर १२ सेंटिमीटर आहे आणि मधोमध कंसाची उंची १ सेंटिमीटर आहे. जीवेच्या वर्गाला उंचीच्या आठपटीनें भागून त्यांत उंचीचा अर्ध मिळविला कीं त्रिज्या येते. म्हणजे १४४ ला ८ नें भागून १८, आणि अर्धा मिळून साडेअठरा. तोंडाचा व्यास झाला ३७ सेंटिमीटर. उंची मोजतांना एका मिलिमीटरची चूक होऊन ती ०.९ धरली गेली, तर हाच व्यास जवळजवळ ४१ येतो! म्हणून उत्खननाच्या छावणींत एका केंद्राभोवतीं काढलेल्या वर्तुळांचा तक्ता ठेवून त्यावर कांठ बसवून पाहतात, आणि कांठाचा कितवा हिस्सा हातीं आहे हेंहि लिहून ठेवतात. वरील उदाहरणांत तो सुमारें दशांश आहे. दशांशावरून केलेलें अनुमान आणि अर्ध्यावरून केलेलें अनुमान यांची किंमत सारखी नाहीं, हें नोंद वाचणाऱ्याला कळलें पाहिजे.

मग मातीचा पोत. ताज्या मोडीवर भिंग धरलें म्हणजे कुंभारानें मातींत काय मिसळलें तें दिसतें: वाळू, अभ्रक, तूस, लीद. तूस जळून गेलें तरी त्याचा ठसा राहतो आणि त्या ठशावरून कोणतें पीक तेथें मळलें जात होतें याचा पत्ता लागतो. मोडीचा रंग कडेला तांबडा व मध्यें काळा असेल, तर आव्यांत विस्तव पुरेसा वेळ टिकला नाहीं आणि गाभ्यांतील कर्ब जळावयाचा राहिला, असें समजावें. जाड भांड्यांत हें हटकून आढळतें. विदर्भाच्या प्राचीन वस्त्यांत व शिळावर्तुळांत जीं काळीं-तांबडीं भांडीं मिळतात तीं पालथीं घालून भाजल्यानें आंतून व कांठाशीं काळीं आणि बाहेरून तांबडीं झालीं, असें सामान्यतः मानतात. रंगाचें वर्णन ‘विटकरी’, ‘तपकिरी’ असें मोघम न करतां छापील रंगतक्त्याशीं ताडून त्याच्या क्रमांकासह करण्याची चाल आहे. कारण एकाचा विटकरी तो दुसऱ्याचा शेंदरी.

कुंभाराचा हातहि रांजणावर उमटलेला असतो. मोठा रांजण एका बैठकींत चाकावर उतरत नाहीं; ओली माती स्वतःच्याच भारानें खचते. म्हणून कांठ व गळा चाकावर काढून पोट वळ्यांनीं किंवा जोडांनीं वाढवितात आणि बाहेरून थापटण्यानें ठोकीत असतां आंतून गोटा धरतात. त्या गोट्याचे उथळ खळगे आंतल्या अंगास बोटांना लागतात. जोड असेल तेथें भांडें आडवें तडकतें. बाहेर ओल्या मातीवर दोरीचा पीळ उमटला असेल तर वाळेपर्यंत तें दोरीनें आवळलें होतें हें दिसतें. कांठाखालीं नखांची नक्षी असेल, तर दोन हजार वर्षांपूर्वींच्या एका माणसाचें नख आपणांस दिसत आहे. त्याचें नांव कोणत्याहि लेखांत मिळणार नाहीं.

हें सर्व पाहून झाल्यावर चित्र काढावयाचें. तें सुंदर असण्याची गरज नाहीं. तें खरें असावें लागतें. मधोमध एक उभी रेघ. तिच्या डावीकडे भांड्याचा उभा छेद काळा भरून, उजवीकडे बाहेरचें रूप. जगांत कोठेंहि ही रीति जाणणारा मनुष्य मराठी न वाचतांहि तें चित्र वाचूं शकतो. शेवटीं तुकड्याच्या आंतल्या बाजूस न पुसणाऱ्या शाईनें स्थळ, वर्ष, खड्डा, थर व क्रमांक लिहितात. ज्या खापरावर हा क्रमांक नाहीं तें कितीहि देखणें असलें तरी अनाथ आहे.

या मापांचा उपयोग काय, असें कोणी विचारील. एक साधा हिशेब करून पाहूं. पोटाचा आंतला व्यास ६० सेंटिमीटर असलेला गोल रांजण घेतला, तर त्यांत सुमारें ११३ लिटर मावतात. ज्वारीच्या मापानें तें ८० किलोच्या आसपास जातें. पांच माणसांच्या घराला रोज अडीच किलो धान्य लागतें असें धरलें, तर एका रांजणाची बेगमी झाली बत्तीस दिवसांची. म्हणजे वर्षाच्या पोटाला असे अकराबारा रांजण हवेत, किंवा जोडीला कणगी आणि पेव हवें. घरांत असे दोनच रांजण निघाले आणि पेव कोठेंच नाहीं, तर तें घर उरलेले महिने कोणाच्या दारीं जात होतें? एके ठिकाणीं मात्र दहावीस रांजण ओळीनें मांडलेले निघाले, तर तें कोठार कोणाचें? राजा, सावकार आणि कुणबी यांचे संबंध ग्रंथांत न सांपडले तरी या बेरजांतून त्यांचा माग लागतो.

हा मार्ग नुसत्या कल्पनेचा नाहीं. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. तीन हजार वर्षांपूर्वींच्या आणि त्याहूनहि जुन्या शेतकऱ्यांच्या शंभराहून अधिक घरांचे अवशेष तेथें मिळाले. कांहीं घरांच्या जमिनीवर चार चपटे दगड चौकोनांत ठेवलेले आढळले. दगडांवर कांहीं नव्हतें. कोणीहि ते उचलून बाजूला टाकले असते. परंतु ते नकाशावर नोंदले गेले, आणि चार पायांच्या मोठ्या रांजणाचे पाय टेकण्यासाठीं ते मांडले होते, असा अर्थ लागला. रांजण नाहींसा झाला होता. त्याची जागा तेवढी शिल्लक होती. धान्याचीं पेवें आणि कणग्यांच्या बैठकीचे गोल ओटे यांचाहि उलगडा आजच्या खेड्यांतील घरें पाहूनच झाला.

त्याच इनामगांवीं एका पांच खणी घराच्या अंगणांत चार पायांचा, कच्च्या मातीचा एक रांजण निघाला. त्यांत सुमारें चाळीस वर्षांच्या एका पुरुषाचा सांगाडा पाय मुडपून बसलेल्या स्थितींत होता. त्या लोकांत प्रौढांना पुरतांना घोट्याखालीं पाऊल तोडण्याची चाल होती. या माणसाचीं पावलें मात्र शाबूत होतीं. मुलांना दोन कुंभांचीं तोंडें एकमेकांस लावून घराच्या जमिनीखालीं पुरीत, हें नेवाशासहि आढळलें आहे. पण प्रौढाचें असें दफन अपूर्व होतें. तो गांवचा मुख्य असावा, असें उत्खनकांनीं अनुमान केलें. तें अनुमान आहे, आणि त्यावर कोणी शंका घेऊं शकेल. परंतु रांजण कच्च्या मातीचा होता हें लक्षांत घ्या. पावसाच्या दोन सरींत तो विरघळला असता. धनाच्या आशेनें कोणी त्याचा कांठ उपसला असता तर हाडें विस्कटलीं असतीं, आणि पाय मुडपलेले होते कीं नव्हते, पावलें होतीं कीं नव्हतीं, हें जगांत कोणालाहि कधीं कळलें नसतें.

मत आणि नोंद यांतला भेद आम्ही वारंवार सांगत आहों, त्याचें कारण खापरांच्या इतिहासांतच आहे. पुदुचेरीजवळ अरिकामेडू येथें १९४५ सालीं व्हीलर यांनीं उत्खनन केलें तेव्हां आंत बारीक ठिपक्यांच्या वर्तुळांची नक्षी असलेल्या ताटल्या निघाल्या. त्या भूमध्यसमुद्राकडून आल्या असें त्यांचें मत पडलें आणि तें कित्येक वर्षें प्रमाण मानलें गेलें. विमला बेगले यांनीं १९८० नंतर त्या खापरांची पुन्हां छाननी करून तीं बव्हंशीं हिंदुस्थानांतच घडलेलीं आहेत असें दाखविलें. पुढें डेक्कन कॉलेजच्या डॉ. विश्वास गोगटे यांनीं मातीचें क्ष-किरणांनीं पृथक्करण करून १९९७ सालीं त्यांचें मूळ बंगालच्या गंगामुखाकडे असल्याचें प्रतिपादन केलें. रोमन मद्याच्या कुंभांचीहि अशीच गोष्ट. नेवाशासारख्या स्थळीं दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या या कुंभांचे तुकडे मिळाले आणि रोमशीं चाललेल्या व्यापाराचे ते साक्षीदार ठरले. तेव्हांपासून देशांत अनेक ठिकाणचीं जाड खापरें रोमन म्हणून नोंदलीं गेलीं. रोबर्टा टोंबर यांनीं तीं एकेक हातीं घेऊन तपासलीं आणि २००७ सालीं असें दाखविलें कीं, त्यांतील पुष्कळशीं रोमन नसून इराक-इराणकडच्या, आंतून डांबर लावलेल्या, कान नसलेल्या लांबट रांजणांचीं आहेत. इतिहासाचें एक पानच त्यामुळें बदललें: पश्चिमेकडच्या व्यापारांत रोमबरोबर इराणी आखाताचाहि वांटा मोठा होता, आणि तो रोमच्या पडत्या काळानंतरहि चालूं राहिला, हें स्पष्ट झालें.

यांत कोणाची नाचक्की नाहीं. पहिल्या विद्वानांनीं खापरें जपून ठेवलीं, त्यांचे थर लिहिले, चित्रें काढलीं, म्हणूनच दुसऱ्यांना त्यांचें मत दुरुस्त करतां आलें. त्यांनीं केवळ ‘रोमन कुंभाचे तुकडे मिळाले’ एवढें एक वाक्य लिहून तुकडे टाकून दिले असते, तर ती चूक अमर झाली असती. प्रवरपुराच्या वादालाहि हाच न्याय लागू आहे. त्याचा निकाल पुढें कधीं लागणार असेल तर तो वक्तृत्वानें लागणार नाहीं. धाम नदीच्या कांठीं आणि मनसरच्या टेकडीवर पांचव्या शतकाच्या थरांत काय-काय होतें, याच्या सरळ नोंदींवरून लागेल.

कायदा या कामीं नाहीं असें नव्हे. १८७८ च्या निखात निधि अधिनियमान्वयें जमिनींत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तु सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणें बंधनकारक आहे. पुराणवस्तूंसाठीं १९७२ चा स्वतंत्र कायदा आहे. पण रिकाम्या रांजणाला दहा रुपयांचें तरी मोल आहे, हें सांपडणाऱ्याला कोण सांगणार? आणि प्रत्येक पांढरीवर पहारा कोणतें सरकार बसविणार? हें काम गांवांतल्या व गांवाशीं संबंध ठेवून असलेल्या शिकल्या माणसांचें आहे. आमच्या वाचकांपैकीं कितीकांचीं शेतें, आजोळें, जुने वाडे आर्वी, हिंगणघाट, देवळी, सेलू या भागांत असतील. त्यांच्याकडून अपेक्षा फार नाहीं. पांढरीची माती निघतांना रांजण दिसला तर खणणें थांबवावें. मोजपट्टी ठेवून दोनचार छायाचित्रें घ्यावीं. जागा, तारीख, खोली लिहावी. आंतली माती काढूं नये, भांडें धुऊं नये. तुकडे झालेच असतील तर ते सर्व एका पोत्यांत, चिठ्ठीसह, एकत्र ठेवावे. आणि तहसील कचेरीस व नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयास कळवावें. स्वतः उत्खनन करूं नये. उत्साही हातानें केलेली नासाडी लोभी हाताइतकीच पुरी असते.

आणखी एक सूचना करावीशी वाटते. प्रत्येक गांवच्या शाळेंत हजेरीपट असतो, तशी एक वही पांढरीची असावी. गांवच्या हद्दींत कोठें काय सांपडलें, केव्हां, किती खोल, कोणी पाहिलें, आतां तें कोठें आहे, एवढेंच तींत लिहावें. मतें लिहूं नयेत. मतें देणारे पुढें पुष्कळ भेटतील. मुलांना कंसावरून व्यास काढण्याचें गणित फळ्यावर शिकवावयाचेंच असतें. तें एकदां खऱ्या खापरावर करून घ्यावें. पन्नास वर्षांनीं कोणी अभ्यासक वर्धा जिल्ह्याच्या जुन्या वस्त्यांचा नकाशा करूं लागेल, तेव्हां पांढऱ्या कदाचित् सपाट होऊन गेलेल्या असतील. त्या वेळीं अशा दहावीस वह्या त्याच्या हातीं आल्या, तर तेवढीं दहावीस गांवें तरी इतिहासांत राहतील.